पांढऱ्या सोन्याचे गाव



सोने सापडल्याच्या नुसत्या वार्तेने ओसाड माळावर गावे वसली, अशा कथा १८४९ सालच्या कॅलिफोर्नियाच्या सांगतात. खानदेशला त्यासाठी खाण लागली नाही. तापी-गिरणेच्या काळ्या मातीत कापूस होता, आणि १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून थंडावल्या. इंग्रज व्यापाऱ्याची नजर मुंबईकडे वळली आणि मुंबईची खानदेशकडे.

तोवर खानदेशचे मुख्य ठाणे धुळे. पेशवाईनंतर कॅप्टन ब्रिग्जने कारभार तेथूनच हाकला. मुंबई-आग्रा रस्ताही धुळ्यावरूनच जाई. जळगावला त्या मानाने कोण ओळखत होते? परंतु युद्धाच्या चार वर्षांत तेच गाव खानदेशातील कापसाची मोठी बाजारपेठ बनले. मारवाडी, गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर दिवसरात्र वर्दळ सुरू झाली. भाव कित्येक पटींनी चढले, तशी नियत घसरली. गासडीत सरकी, माती, वर पाण्याचा शिडकावा! या लबाडीला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारला १८६३ साली स्वतंत्र कायदाच करावा लागला.

दैवाचा खेळ असा, की थळ घाट ओलांडून रेल्वे खानदेशात पोहोचली ती १८६५ मध्ये, आणि त्याच वर्षी युद्ध संपले. भाव कोसळले. मुंबईत भल्याभल्यांची दिवाळी निघाली. जळगावच्या बाजारालाही जबर तडाखा बसला. ज्या शेतकऱ्याने तेजीच्या भरवशावर कर्ज उचलले, त्याच्या हाती दस्तऐवज तेवढा उरला. याचे खापर केवळ सावकारावर फोडण्याची रीत आहे. ती अपुरी आहे. सारा रोखीत मागणारे सरकार आणि जमीन लिलावात काढू देणारी नवी न्यायालये ही त्या व्यवहारातील न बोलणारी भागीदार होती. १८७५ साली पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्याच्या चौकशीतही कर्जबाजारीपणाचा माग कापसाच्या या तेजीपर्यंत गेला.

गाव मात्र मोडले नाही. रेल्वे होती, म्हणून जिनिंग-प्रेस आले. पुढे मूळजी जेठांची कापड गिरणी आली. लोहमार्ग चाळीसगावहून सरळ जळगाव-भुसावळकडे गेल्याने धुळे बाजूला पडले. त्याला फाटा मिळाला तो १९०० साली. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले आणि कालचे खेडे पूर्व खानदेशचे मुख्यालय बनले.

या पैशाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी अमळनेरला जावे. तेथे प्रतापशेठांनी गिरणी काढली आणि तिच्या कमाईतून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले. सुताच्या नफ्यावर वेदान्ताचा अभ्यास, असा योग किती औद्योगिक गावांच्या नशिबी आला असेल? बाजूला पडलेल्या धुळ्यानेही विद्येचा मार्ग सोडला नाही. सत्कार्योत्तेजक सभेने समर्थ वाङ्मय जपले, राजवाडे संशोधन मंडळाने इतिहासाचार्यांचे दप्तर सांभाळले.

आज जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते सराफ बाजारामुळे. कापसाचे पैसे हाती आले, की दिवाळीला नाहीतर आखाजीला, माहेरी आलेल्या लेकीसाठी, शेतकरी तेथे चार ग्रॅम का होईना, सोने घेतो. मृग लागला, की बियाणे-खतासाठी त्यातलेच काही तारण म्हणून पुन्हा काउंटरवर येते.