वालधुनीचे ऋतू

गोदीत ओझी उचलणारे हे हात सुट्टीला मोबाईलवर फोटो काढतात.

अंबरनाथचं शिवमंदिर, शिलाहारांच्या काळचं. शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी 1060. कॅमेरेवाले येतात, शिल्पं टिपतात. मंदिराला खेटून वाहणारी वालधुनी मात्र फोटोबाहेर.

तिचे ऋतू पंचांगात नाहीत. कारखान्याचं पाणी सुटलं की तिचा रंग बदलतो. 2014 च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात रात्री तिच्यात रसायन ओतलं गेलं. काठावरची शेकडो माणसं गुदमरून दवाखान्यात.

पावसाळ्यात सगळे बदलापूरला. कोंडेश्वरचा धबधबा, हिरवे डोंगर. काढा की, मीही काढतो. पण 27 जुलै 2019 च्या पुरात तिथं महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तिचा फोटो देशभर गेला. घरातला चिखल उपसणाऱ्या बाईचा कोणी काढला?

मी वालधुनीतला बगळा टिपला. एक प्रदर्शनवाला म्हणाला, ‘‘मागचं काळं पाणी कापता येईल?’’ म्हटलं, ‘‘मग बगळाच कापा. तो तिथंच जेवतो.’’

आता एकाच पुलावरून दर महिन्याला एक फोटो काढतो, मागं तारीख घालून. तुम्ही कुठला पूल धरता, बोला.