एका जोत्यावरच्या मोटारी



अहिल्यानगराहून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगराहून, पुण्यास निघालेला प्रवासी सुपें गांव मागें टाकतो, घोड नदी ओलांडून शिरूरास येतो आणि पुढें थोड्याच वेळानें रांजणगांवच्या महागणपतीपाशीं पोंचतो. भाविक तेथें देवळाकडे वळतो. त्याच गांवच्या औद्योगिक वसाहतींत मोटारींचा मोठा कारखाना आहे. फियाट या इटालियन कंपनीची ‘पुंटो’ ही लहान मोटार २००९ सालीं भारतांत विक्रीस आली, ती याच कारखान्यांत बनत असे. बाह्यरूपावरून कोणासहि न कळणारी गोष्ट अशी कीं, ज्या पायावर ती उभी होती, त्याच पायावर युरोपांत ओपेल कंपनीची ‘कोर्सा’ ही दुसरी मोटार उभी होती.

मोटारीचा पाया म्हणजे काय? कारखानदार ज्याला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात, तो नुसता लोखंडी सांगाडा नव्हे. तळाची बैठक, चाकांना आधार देणारी सस्पेन्शनची रचना, स्टिअरिंगची जुळणी, इंजिन बसविण्याची जागा आणि टक्कर झाली असतां आघात सोसणारे पुढील भाग, इतकें सर्व त्यांत येतें. त्यावरील पत्रा, दिवे, आसनें निराळीं असलीं म्हणजे मोटार निराळी दिसते. असा पाया नव्यानें आंखून पारखून घेण्यास अपार खर्च लागतो. लहान मोटारीवर नफा तर थोडा. म्हणून दोन कारखानदार एकत्र येऊन तो खर्च वांटून घेतात. दोघां भावांनीं एकच जोतें घालून त्यावर आपापलीं घरें बांधावीं, तसाच हा व्यवहार.

हे भाऊ एकत्र आले २००० सालीं. ओपेल त्या वेळीं अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या मालकीची होती. जनरल मोटर्सनें फियाटच्या मोटार-व्यवसायांत २० टक्के भाग घेतला व फियाटला आपला सुमारें ५ टक्के भाग दिला. पुढें बिनसलें. २००५ च्या फेब्रुवारींत जनरल मोटर्सनें सुमारें १५५ कोटी युरो देऊन फियाटशीं नातें तोडलें. परंतु घातलेलें जोतें कोण उखडणार? फियाटची नवी पुंटो त्याच वर्षीं आणि ओपेलची नवी कोर्सा २००६ सालीं युरोपांत बाहेर पडली, दोन्ही त्याच पायावर. पुढें ओपेल फ्रान्सच्या पीएसए कंपनीकडे गेली, आणि २०२१ सालीं पीएसए व फियाट यांचें एकीकरण होऊन ‘स्टेलांटिस’ जन्मास आली. सोळा वर्षांपूर्वी विभक्त झालेलीं हीं दोन घराणीं पुन्हा एका छपराखालीं आलीं!

त्याच सहवासांत १,२४८ घनसेंटिमीटरचें एक डिझेल इंजिनहि सिद्ध झालें. भारतांत फियाट त्यास ‘मल्टीजेट’ म्हणे, मारुति ‘डीडीआयएस’ आणि टाटा ‘क्वाड्राजेट’. स्विफ्टचें इंजिन चांगलें कीं इंडिका व्हिस्टाचें, असा वाद घालणारे दोन शेजारी वस्तुतः एकाच इंजिनाची बाजू मांडीत होते. २०२० च्या एप्रिलांत धुराचे कडक नियम लागू झाले आणि नव्या मोटारींतून तें नाहींसें झालें. फियाटच्या नांवानें नव्या मोटारी विकणेंहि येथें बंद पडलें. मग पुंटोच्या मालकानें काय करावें? इंजिन बिघडलें तर तें जाणणारा कारागीर भेटतो, कारण तेंच इंजिन असंख्य स्विफ्ट मोटारींत आहे. दार किंवा दिवा फुटला तर मात्र तो भावाच्या घरीं मिळत नाहीं. जें सामायिक, तें टिकतें. जें स्वतंत्र, तें पोरकें होतें.

या व्यवहाराची दुसरी बाजूहि ध्यानांत ठेवावी. सामायिक वस्तूंत दोष निघाला, तर तो सर्वांच्या घरीं शिरतो. २०१५ सालीं फोक्सवॅगननें डिझेल मोटारींच्या धूर-परीक्षेंत लबाडी केल्याचें कबूल केलें. तीं इंजिनें त्याच समूहाच्या स्कोडा व ऑडि मोटारींतहि होतीं. त्यामुळें भारतांत तिन्ही नांवांच्या मिळून सुमारें ३ लाख २३ हजार मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या.

अहिल्यानगरास संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकीं १२६ व्या नियमानें वाहनाचा नमुना ज्या संस्थांकडे परीक्षेस जातो, त्यांत तिचें नांव आहे. परीक्षा व्हावयाची ती हातीं आलेल्या नमुन्याची, त्यावरील नांवाच्या लौकिकाची नव्हे. गृहस्थानेंहि हीच दृष्टि ठेवावी. मोटार घेतांना दोन प्रश्न अवश्य विचारावे: हिचा पाया व इंजिन आणखी कोणत्या मोटारींत आहे, आणि विकणाऱ्यानें उद्यां दुकान आवरलें, तर सुटे भाग कोण देईल? तसेंच, त्या भावंड मोटारीविषयीं दोषाची सूचना निघाल्याचें कानीं आलें, तर तें शेजाऱ्याचें दुखणें समजून स्वस्थ बसूं नये. घर घेणारा शहाणा मनुष्य रंग पाहण्यापूर्वी जोतें पाहतो. मोटारीचें जोतें डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणूनच त्याची चौकशी अधिक करावी.