चौकटीच्या कागदावर सापेक्षता

आइन्स्टाइननं १९०५ साली मांडलेली विशिष्ट सापेक्षता नववी-दहावीच्या मुलांना झेपेल का? नक्की झेपेल, फक्त सूत्राआधी चित्र हवं.

समोरासमोर दोन आरसे आणि त्यांच्यामध्ये खालीवर धावणारा प्रकाशकिरण, हे झालं प्रकाशाचं घड्याळ. आता ते प्रकाशाच्या ६० टक्के वेगानं आडवं सरकतंय असं समजा. बाहेरून पाहणाऱ्याला किरण तिरका जाताना दिसेल. चौकटीच्या कागदावर आरशांमधलं अंतर ४ घरं घ्या. घड्याळ ३ घरं सरकेल आणि किरणाची तिरकी वाट भरेल ५ घरं. पायथागोरसचा ओळखीचा त्रिकोण! प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच, म्हणून बाहेर ५ सेकंद होतात तेव्हा त्या घड्याळात होतात ४च. हा त्रिकोण मुलांनी स्वतः पट्टीनं आखावा. ॲनिमेशन त्यानंतर दाखवावं, नाहीतर नजर हलत्या चित्रावर खिळते आणि हिशेब राहून जातो.

मग याच्या खऱ्या उदाहरणासाठी म्युऑन नावाच्या सूक्ष्म कणांकडे वळावं. सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मणाऱ्या या कणांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ७०० मीटर जात नाही. तरीही असंख्य म्युऑन जमिनीपर्यंत पोचतात, कारण आपल्या दृष्टीनं त्यांचं घड्याळ संथ चालतं.