कमी वजनाचे बाळ आणि स्थूल तरुण



चिखलदऱ्याचे नाव निघाले की शासकीय कचेरीत दोनच गोष्टी आठवतात : थंड हवा आणि कुपोषण. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न राज्यभर गाजला. तेव्हापासून चिखलदरा व धारणी या तालुक्यांत बाळाचे वजन हा पंचायतीपासून मंत्रालयापर्यंत चर्चेचा विषय राहिला आहे. अशा ठिकाणी तरुणांच्या स्थूलतेविषयी बोलणे कोणास विपरीत वाटेल. परंतु हे दोन प्रश्न एकाच घरातले आहेत. चरकसंहितेतील आठ निंदित पुरुषांच्या यादीत अतिकृश आणि अतिस्थूल हे दोघेही आहेत, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

या नात्याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर मातांचा अभ्यास हाती घेतला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण दोघांची तुलना करताना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. आपल्याकडील बाळाचे स्नायू व अवयव लहान राहिले होते, धडावरील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. बाळ दिसण्यात कृश, पण रचनेने मेदयुक्त. हीच मुले १८ वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली, तेव्हा मुलांपैकी ३७ टक्के व मुलींपैकी १८ टक्के यांच्या रक्तातील साखर प्रमाणाबाहेर होती, आणि त्या वेळी जवळजवळ निम्म्या मुलामुलींचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते !

ज्या शरीराची घडण अशा टंचाईत झाली, त्याला पुढे अकस्मात आलेली सुबत्ता सोसत नाही. मेद त्वचेखाली मावेनासा झाला की तो पोटातील अवयवांभोवती व यकृतात साठतो. मग इन्शुलिनचा प्रभाव ओसरतो, स्वादुपिंडास जादा श्रम पडतात, आणि वडिलांना पन्नाशीत झालेला मधुमेह मुलाला तिशीच्या आत गाठतो. याच कारणास्तव भारतीयांसाठी मोजमापही वेगळे ठरले. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक पाश्चात्त्यांत ३० झाल्यावर स्थूलता मानतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली ही मर्यादा २५ ठरविली. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपलीकडे गेला की सावध व्हावे. शिंप्याची फीत कोणत्याही शाळेत मिळू शकते.

आता आहाराकडे वळू. कोरकू कुटुंबाच्या ताटात एके काळी कोदो, कुटकी, सावा, ज्वारी, मका आणि रानभाज्या असत. तरोट्याची कोवळी पाने वऱ्हाडातही आवडीने खातात. रेशनच्या गहू-तांदळाने भूक हटविली, हे उपकार नाकारता येणार नाहीत. पण भरड धान्य मागे पडले, आणि डाळ त्या प्रमाणात वाढली नाही. पुढे मुलगा परतवाड्यास किंवा अमरावतीस शिकावयास जातो. शेतातील श्रम सुटतात. खोलीवर राहून आलुबोंडा, बिस्किटे, साखरेचे थंड पेय यांवर दिवस निघतो. रात्री उशिरापर्यंत जागरण. पोट भरते, प्रथिने व तंतू मिळत नाहीत. उपाय महागडे नाहीत : पोळी-भात थोडा कमी करून ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, उसळ, पालेभाजी, दही, मूठभर शेंगदाणे, आणि रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालणे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांत आहार-व्यायामाच्या सल्ल्याने मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले होते.

मनाची बाजू मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. वर्गात ‘जाड्या’, ‘ढोली’ ही नावे सहज पडतात, आणि क्वचित गुरुजीही त्यात हसून सामील होतात. अशी मुलगी स्नेहसंमेलन टाळते, मैदान टाळते, दिवसभर उपाशी राहते आणि रात्री एकटीच अधाशासारखी खाते. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१० साली निघालेला निष्कर्ष असा, की स्थूल व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे ५५ टक्क्यांनी अधिक, आणि निराश व्यक्तींना स्थूलता येण्याचा धोका सुमारे ५८ टक्क्यांनी अधिक असतो. म्हणजे कारण कोणते आणि कार्य कोणते, हे सांगणे अवघड. ऑस्ट्रेलियातील २०१७ च्या एका लहान प्रयोगात नैराश्यग्रस्तांना बारा आठवडे भाज्या, डाळी व सकस धान्याचा आहार शिकविला. त्यांतील ३२ टक्के बरे झाले, केवळ गप्पांची सोबत मिळालेल्या गटातील ८ टक्के. प्रयोग छोटा आहे. औषधोपचाराची जागा तो घेत नाही. चाळीस दिवसांत बारीक करण्याच्या जाहिरातींवर मात्र विसंबू नये. कठोर उपवासात मेदाबरोबर स्नायूही झिजतात, आणि आधीच स्नायू कमी असलेल्या या शरीरांना ते परवडत नाही.

प्रशासनाने लक्ष घालावे अशी एक फट येथे आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयापर्यंतच्यांसाठी आहे, तर मधुमेह व रक्तदाबाची गावपातळीवरील तपासणी तिशीपासून सुरू होते. मधल्या दहा वर्षांतील तरुण कोणाच्याच नोंदवहीत नाही. मेळघाटात ज्याचे जन्मवजन अंगणवाडीत नोंदले गेले, तोच पंचविशीत नोंदीबाहेर जातो. ग्रामसभेच्या किंवा भरतीच्या तयारीच्या वेळी या वयाच्या मुलामुलींची कंबर, वजन व रक्तदाब मोजून घेण्यास फार पैसा लागत नाही. मापन पडद्याआड, आकडा मोठ्याने न वाचता व्हावे. जन्मवजन कमी असल्याची नोंद असेल, तर तिशीची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तशर्करा तपासून घ्यावी. ज्यांचे मन खचलेले दिसेल, त्यांना १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक शिक्षकांनी लिहून द्यावा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या या सेवेवर दिवसरात्र, विनामूल्य बोलता येते.