आहाराची आखणी मुलामुलींच्या हाती

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते १९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. सर्वांची पाने वाढून झाल्यावर भांड्याच्या तळाशी उरलेली भाजी ज्यांच्या वाट्यास येते, त्यांत अनेक घरी या मुलीही असतात. आहाराची योजना आखताना मात्र त्यांना क्वचितच विचारले जाते. तक्ता कचेरीत तयार होतो. त्यात दूध असते, फळे असतात, पण बाजार कोण करतो, शेवटी कोण जेवते, याचा उल्लेख नसतो.

शाळेने व ग्रामपंचायतीने हे काम गावातील मुलामुलींवर सोपवून पाहावे. आठवडाभर घरी काय शिजले, कोण केव्हा जेवले, याची नोंद त्यांनी ठेवावी आणि त्यावरून कार्यक्रमही त्यांनीच सुचवावा. पालेभाजी व कडधान्यांतील लोह अंगी लागण्यास लिंबू-आवळ्याची जोड उपकारक ठरते; जेवणावरच घेतलेला चहा त्यास अडसर होतो. हे अधिकाऱ्याने सांगितले तर आजी ऐकून घेते. नातीने सांगितले तर चहा तासभर लांबण्याचा संभव अधिक. मुलग्यांना यातून वगळू नये. बहिणीचे पान आपल्या पानाशेजारी मांडणे त्यांच्याच हातचे आहे.

या नोंदी ग्रामसभेत वाचाव्यात, मात्र घरांची नावे वगळून. घरातील उणे चव्हाट्यावर आले, तर पुढच्या आठवड्यात वही कोरीच येईल.