हातचीं शुभेच्छापत्रें
(तेर येथील ख्रिस्तमंडळीपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या वर्षीं नाताळचीं शुभेच्छापत्रें विकत न आणतां आपल्याच हातांनीं करावीं, असा विचार आपल्यापुढें मांडावयास आम्ही उभे आहों. हा केवळ हौसेचा विषय नव्हे. दसरा-दिवाळी होतांच आपल्यापैकीं कित्येक कुटुंबें ऊसतोडीला जातात, आणि नाताळच्या रात्रीं तीं परमुलुखांत, उसाच्या फडाजवळ, कोपींत असतात. आपल्या देवळाची घंटा त्यांच्या कानीं पडत नाहीं. पत्र धाडावें तर ठिकाण नक्की नसतें. आज या शिवारांत, उद्यां दुसऱ्या. मोबाइलवरचा संदेश पोहोंचतो खरा, परंतु तो इतर शंभर संदेशांखालीं गाडलाही जातो.

म्हणून आमची सूचना अशी कीं, टोळी निघण्यापूर्वींच प्रत्येक कुटुंबाच्या हातीं बंद पाकिटांत पत्र द्यावें, आणि वर लिहावें : '२४ डिसेंबरच्या रात्रीं उघडावें.'

छापील नाताळपत्राचा उगमही अडचणींतूनच झाला. लंडनचे हेन्री कोल यांस आलेल्या पत्रांना उत्तरें लिहिण्यास सवड नव्हती. म्हणून १८४३ सालीं त्यांनीं हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढवून त्याच्या सुमारें हजार प्रती छापविल्या. त्यांस वेळ वांचवावयाचा होता. आपणांस तो आपल्या माणसांना द्यावयाचा आहे.

पुष्कळ प्रती आणि हाताचें काम यांचें वैर आहे, असें कोणी समजूं नये. आपल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयांत सातवाहनकालीन मातीच्या मूर्ति आहेत. त्या काळीं येथें दुहेरी सांच्यांतून अशा मूर्ति घडवीत. सांचा एक, मूर्ति अनेक, तरी प्रत्येकीवर माणसाचा हात फिरला. तोच मार्ग आपण धरावा.

प्रथम घरांची यादी करावी, आणि बिघडतील म्हणून दहा पत्रें अधिक धरावीं. ए-फोर आकाराचा जाड कागद मध्यें कापिला कीं दोन पत्रें निघतात. शंभर पत्रांस पन्नास कागद लागतात. कागद हलकेंच वांकवून पाहावा. ज्या बाजूनें तो सहज वळतो तीच घडीची बाजू. उलट घातलेली घडी फुटते. घडी चमच्याच्या दांड्यानें दाबावी. जुन्या रबरी चपलेच्या तळव्यावर ठसा कोरावा. बटाट्याचा ठसा मुलांस सोपा, पण तो लवकर मऊ पडतो. अक्षरें कोरावयाचीं तर उलटीं कोरावीं. शाई वाळेपर्यंत पत्रें दोरीवर चिमट्यांनीं टांगावीं. गोरोबाकाकांच्या या गांवीं थापटण्यानें मडकें पारखण्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तसेंच शेवटीं एका जाणत्या माणसानें प्रत्येक पत्र पारखावें.

चित्र कोणतें असावें? आपल्या तेरणेकांठीं बर्फ पडत नाहीं. पुण्यास राहिलेले गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनीं पवित्र मरियेस साडी नेसविली. आपणही कोपी काढावी, शेजारीं बैल, वर तारा. नांवनिशीच्या हुकुमामुळें योसेफ व मरिया नाझरेथ सोडून बेथलेहेमास गेलीं, आणि प्रभु परगांवींच जन्मास आला. पोटासाठीं घर सोडणाऱ्यास हें चित्र समजावून सांगावें लागत नाहीं.

आंतील मजकूर मात्र ठशानें उमटवूं नये. गांवीं मागें राहणाऱ्यानें तो स्वतः लिहावा. आजीस लिहितां येत नसेल तर तिनें सांगावें, नातवानें लिहावें, आणि खालीं तिनें आपला अंगठा उमटवावा. त्या रात्रीं फडावर पाकीट उघडलें जाईल, तेव्हां तो अंगठा ओळखणारें कोणी तरी तेथें असेलच.

दसऱ्यापूर्वींचे तीन रविवार मिस्सानंतर आपण एकत्र बसूं या. यादींतून एकही घर सुटूं नये, एवढीच आमची विनंति. बाळ येशू आपल्या घरांवर आणि दूरच्या प्रत्येक कोपीवर आपली शांति ठेवो.