शिरूरचे घोडे, काबूलची पुस्तके



जुनी पुस्तके विकणाऱ्यांच्या याद्यांमध्ये ‘आशिया आणि पॅसिफिक’ असा एक जाडजूड विभाग असतो. काबूल, कंदाहार, बुशहर, बगदाद, रंगून, पेकिंग, पलीकडची बेटे. शिरूरच्या किंवा दौंडच्या वाचकाच्या हाती अशी यादी पडली, तर तो ‘पुणे’ आणि ‘मराठे’ हे शब्द शोधतो, चार नोंदी पाहतो आणि यादी मिटवतो. आज मिळालेली मिनिटे मी एकाच मुद्द्यावर खर्च करणार आहे: ती यादी मिटवू नका. आपल्या दोन तालुक्यांचा बराचसा इतिहास परक्या देशांच्या नावाखाली छापला गेला आहे, आणि तो जमवण्याचे काम पुण्या-मुंबईच्या संग्राहकांवर टाकून आपण मोकळे झालो आहोत.

शिरूर, म्हणजे आपली घोडनदी, एके काळी इंग्रजी फौजेची छावणी होती, हे मी सांगायला नको. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर तिथे आहे आणि आसपासच्या गावकऱ्यांनी त्याला ‘सत्पुरुष’ मानून नैवेद्य दाखवायला सुरुवात केली, याची नोंद १८८५ च्या पुणे गॅझेटियरात आहे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावी लढलेली तुकडी आदल्या रात्री शिरूरहून निघाली होती, हेही सर्वांना ठाऊक. बहुतेकांची गोष्ट इथे संपते. खरे तर इथून ती सुरू व्हायला हवी. १८१७ च्या जूनमध्ये पेशव्यांवर जो तह लादला गेला, त्यानंतर त्याच वर्षी शिरूरला एक घोडदळ उभे राहिले. पुढे ‘पूना हॉर्स’ म्हणून नावाजले ते हेच. हे स्वार पहिल्या अफगाण युद्धात मुंबईच्या फौजेबरोबर १८३९ साली गझनीपर्यंत गेले, १८५६-५७ साली इराणात बुशहर आणि खुशाबला लढले, १८८० साली कंदाहारला होते. म्हणजे हेन्री हॅवलॉकने १८४० साली अफगाण मोहिमेवर लिहिलेले पुस्तक, किंवा कॅप्टन हंटचे इराणच्या मोहिमेवरचे १८५८ चे पुस्तक, ग्रंथपालाच्या दृष्टीने मध्य आणि पश्चिम आशियाचे. शिरूरच्या माणसाच्या दृष्टीने मात्र घोडनदीच्या काठावर उभ्या राहिलेल्या पथकाचे पुढे काय झाले, त्याचे हे पुस्तक आहे.

दुसरा पुरावा एल्फिन्स्टनचा. त्याचे काबूलच्या राज्यावरचे मोठे पुस्तक १८१५ साली लंडनमध्ये निघाले, तेव्हा लेखक पुण्याच्या संगमावर पेशव्यांच्या दरबारचा रेसिडेंट होता. त्या पुस्तकात शिरूरबद्दल काही नाही, हे कबूल. पण ज्याने अफगाण टोळ्यांच्या पंचायती, त्यांचे कुळाचार, त्यांचे जमिनीचे हक्क बारकाईने टिपले, त्याच माणसाने चार वर्षांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, आणि आपल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या गावगाड्याबद्दलचे इंग्रजी मत त्या अहवालाने बरेचसे घडवले. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले, तर तो आमची गावे कोणत्या चष्म्यातून पाहत होता ते दिसते. एकच वाचले तर दिसत नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी त्याची रेसिडेन्सी जाळली गेली आणि त्याची पुस्तके, कागद खाक झाले. पुणे जिल्ह्यातला आशियाविषयक ग्रंथांचा एक उत्तम संग्रह तेव्हा गेला. त्यानंतर गेले ते आपण रद्दीत घातले, आणि त्याचा दोष कोणत्याही लढाईला देता येत नाही.

दौंडकरांना वाटेल, यात आमचे काय? दौंडला रेल्वे आली १८५८ साली, आणि दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला १८७८ साली, म्हणजे मोठा दुष्काळ सरता सरता. त्या दुष्काळावरचा विल्यम डिग्बीचा दोन खंडांचा ग्रंथ त्याच १८७८ सालचा. त्याच्या नावात ‘दक्षिण हिंदुस्थान’ आहे म्हणून महाराष्ट्रातला माणूस तो हातात घेत नाही. पण आत मुंबई इलाख्याचा, म्हणजे आपला, भाग आहे. पुन्हा तोच मुद्दा: पुस्तकाच्या पाठीवरचे नाव एका मुलखाचे असते आणि पोटातला मजकूर दुसऱ्याचा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुत शहरात वेढली गेलेली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेली फौज ही सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या. या वेढ्यावर इंग्रजीत कितीतरी पुस्तके निघाली. ती कुठे सापडतील? इराकच्या फळीवर. आणि शोधताना सूचीत जुनी स्पेलिंगे पाहायला विसरू नका. दौंड ‘धोंड’ म्हणून येते, तेही भीमथडी तालुक्यात. शिरूर कधी ‘सिरूर’, कधी ‘सेरूर’. हे ठाऊक नसल्याने लोक सूची पाहून ‘आमचे गाव नाही’ म्हणतात.

आता आक्षेप. पहिला, हमखास येणारा: हे सगळे आता मोबाइलवर फुकट मिळते, जमवायचे कशाला? मिळते, आणि जरूर वाचावे. पण या पुस्तकांतले नकाशे घडी घातलेले असतात. यंत्रावर भराभर पाने टिपणाऱ्यांनी ते बहुतेक वेळा उलगडलेलेच नाहीत, त्यामुळे पडद्यावर घडीची पाठ तेवढी दिसते. ज्या मजकुराला नकाशाच नाही त्या मोहिमेची वाट कशी कळणार? शिवाय प्रत्येक प्रतीला स्वतःचा एक प्रवास असतो. कोणत्या पलटणीच्या वाचनालयाचा शिक्का, कोणत्या रेल्वे इन्स्टिट्यूटचा, कोणत्या मिशनचा. शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते, दौंडला रेल्वेची वसाहत होती. इथे कोण काय वाचत होते याचा पुरावा त्या शिक्क्यांत आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: ही सारी जेत्यांनी लिहिलेली पुस्तके, त्यांत आपल्या लोकांची निंदा, जातींची घाऊक वर्णने, लढायांच्या फुगवलेल्या कथा. बरोबर आहे. गॅझेटियरमधली जातींची वर्णने वाचून आजही संताप येतो. पण वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या ग्रँट डफवर नुसते रागावून नव्हे, डफ ओळीओळीने वाचून, त्याच्यासमोर आपले कागद ठेवून. खोडून काढायचे असेल तरी पुस्तक हाताशी लागते. आणि जमवायची ती इंग्रजीच असे कोण म्हणाले? धर्मानंद कोसंबींचे नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेशाचे अनुभव सांगणारे ‘निवेदन’, केतकरांच्या ज्ञानकोशाचा ‘हिंदुस्थान आणि जग’ हा पहिला विभाग, चीनमध्ये मरण पावलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवरचे लेखन, पु. लं.चे ‘पूर्वरंग’, ही आपली आशिया आणि पॅसिफिकची फळी आहे. ‘पूर्वरंग’ची पहिली आवृत्ती १९६३ ची. ती आज जुनी म्हणायची की नाही? लोक अजून नाही म्हणतात, आणि म्हणूनच ती रद्दीत जाते.

तिसरा आक्षेप पैशांचा. इथे तुमच्या रोजच्या मालाचा, कांद्याचा, दाखला देतो. रब्बीचा कांदा एकदम निघतो, सगळ्यांना एकाच आठवड्यात विकायचा असतो, भाव कोसळतो. आणि ज्याची कांदाचाळ आहे तो थांबतो. घरातले वाचणारे माणूस गेले की पुस्तकांचे अगदी तसेच होते. तेराव्याच्या आत कपाट रिकामे करायची घाई, रद्दीवाल्याचा काटा, किलोचा भाव. तोच माल पुण्यात पोचला की त्याची प्रतवारी होते, गोल्टी वेगळी, मोठा वेगळा, आणि तुमच्या काट्यावरून गेलेला ग्रंथ नगावर विकला जातो. कांद्याची प्रतवारी बांधावर करता, पुस्तकाची का करत नाही? चाळीला खालून हवा लागते, तशी कपाटालाही लागते. भिंतीला टेकवून, गच्च कोंबून ठेवलेले पुस्तक ओल धरते. चाळीतला सडका कांदा शेजाऱ्याला नासवतो म्हणून तुम्ही तो वेचून काढता. वाळवी किंवा कसर लागलेले पुस्तकही आधी वेगळे ठेवा. मात्र एका बाबतीत दाखला उलटा आहे. कांदा जितका जुना तितका टिकायला वाईट. पुस्तकात १८१५ चा चिंध्यांपासून केलेला कागद अजून लवचीक असतो आणि १९२० नंतरचा लाकडाच्या लगद्याचा, आम्लाने भरलेला कागद हात लावताच तुटतो. म्हणजे एल्फिन्स्टनपेक्षा ज्ञानकोशाला आज जास्त जपायला हवे. त्यावर चिकटपट्टी मात्र लावू नका. ती पिवळी पडून कागदाला खाते.

दोन शब्द रागाने बोलायचे आहेत. जुन्या बाजारात सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का असलेली पुस्तके सर्रास दिसतात. निर्लेखन झाल्याची नोंद नसेल, तर ते पुस्तक चोरीचेही असू शकते; ते घेणारा संग्राहक नव्हे. आणि वाचनालयांनाही विनंती: निर्लेखनाची यादी करताना ‘कोणी नेत नाही’ हे एकच कारण पाहू नका. कंदाहारच्या पुस्तकाला शिरूरमध्ये वाचक नाही, कारण ते शिरूरचे आहे हे त्याला कोणी सांगितलेच नाही. 

मुद्दा पुन्हा एकदा, कारण रेडिओ मध्येच लावणारेही असतात: पुस्तकाच्या पाठीवर काबूल लिहिले असले तरी आत घोडनदी असू शकते. म्हणून या दिवाळीत माळा झाडाल, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक जुन्या पुस्तकाचे पहिले पान, त्यावरचे शिक्के आणि मागचा घडीचा नकाशा उघडून पाहा. कळले नाही तर गावातल्या ग्रंथपालाला किंवा इतिहासाच्या शिक्षकाला दाखवा. तोवर काट्यावर चढवू नका.